चेंडू खरा, पण ओढणारा चुंबक पाटाखाली

१९७२ च्या 'पाँग'सारखा, म्हणजे दोन बॅटींनी चेंडू टोलवायच्या व्हिडिओ गेमसारखा खेळ पडद्याऐवजी टेबलावर उभा करायचाय ना? मग आधी बॅटचा विचार सोडा. सगळा जीव चेंडूत आहे. मोकळा चेंडू ढकलत बसलात तर घर्षण आणि उतार तुम्हाला रडवतील. चेंडू म्हणून एक चौकोनी सोंगटी घ्या, तिच्या तळाला चुंबक बसवा आणि पाटाखाली दुसरा चुंबक उभ्या-आडव्या दिशेच्या दोन मोटरींनी ओढलेल्या पट्ट्यांवर फिरवा. एकाऐवजी उलटसुलट ध्रुवांची जोडी लावलीत तर सोंगटी स्वतःभोवती गिरकी घेणार नाही.

अंतर वाढलं की चुंबकाची ओढ झपाट्याने घटते, म्हणून वरचा पाट पातळ हवा. मात्र लोखंडी अजिबात नको. ॲक्रिलिक चालेल, फक्त मधे झोळ पडू देऊ नका.

खरी परीक्षा दिशा पालटताना. सरकणारा भाग जड असेल तर स्टेपर मोटर (ठरावीक छोट्या पावलांनी फिरणारी मोटर) पावलं चुकवते, आणि सर्किटला त्याचा पत्ताही लागत नाही. दोन्ही मोटरी चौकटीला पक्क्या बसवा, त्यांचं वजन पट्ट्यांवर लादू नका. वेग एकदम न बदलता पायरीपायरीने चढवा-उतरवा. खेळणाऱ्याला ती क्षणभराची मंदी जाणवतही नाही. सुरुवातीची जागा पकडायला दोन्ही अक्षांना लिमिट स्विच, म्हणजे सरकणारा भाग टोकाला टेकताच दाबले जाणारे स्विच, हवेतच.

बॅटला चेंडू लागला का हे ओळखायला सेन्सर शोधत फिरू नका, बरेच जण तिथेच अडकतात. दोघांची जागा प्रोग्रामला माहीतच असते, तुलना केली की झालं.