महापालिकेकडे पैसा कमी असेल, तर लोकांच्या आरोग्यासाठी आधी मोठं हॉस्पिटल बांधावं की दुसरं काही करावं?

मी सोलापूरचा. हिवताप विभागात घरोघर पाण्याची भांडी तपासत बरीच वर्षं काढली, त्यामुळे उत्तर एकांगी वाटेल: आधी पाणी, मग हॉस्पिटल.

डेंगीचा डास गटारात नाही, घरात साठवलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो. अंड्याचा डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात. म्हणून आम्ही सांगायचो, आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळा. बॅरल नुसतं ओतू नका, आतून घासा. अंडी कडेला चिकटतात आणि कोरडी पडली तरी महिनोन्‌महिने टिकतात. पण नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येणाऱ्या गल्लीत हे सांगायला जीभ रेटत नाही. पूर्व भागातल्या एका मावशींनी मला सुनावलं होतं, "ओतते की, आत्ता ओतते. उद्या घागर तू आणून देणार का?" मी मुकाट्याने पाण्यात ॲबेट, म्हणजे डासांच्या अळ्या मारायचं औषध, टाकलं, भिंतीवर खडूने तारीख लिहिली आणि पुढच्या घरी गेलो.

आम्हाला पाणी देणाऱ्या उजनी धरणाची क्षमता 117 टीएमसी. धरण भरलेलं आणि घरोघरची बॅरलंही भरलेली, अशी आमच्याकडची गंमत! अडतं ते मधल्या जलवाहिनीत, टाक्यांत, व्हॉल्व्हवर. तो खर्च पाणीपुरवठ्याचा धरतात आणि ताप आला की आरोग्याचा. नळाला पाणी येण्यातलं अंतर एक दिवसाने कमी झालं तर किती बॅरलं कमी होतील, हा हिशेब दोन्ही खात्यांनी मिळून मांडलेला मी तरी पाहिला नाही.

दुसरं काम स्वस्त आहे: दवाखान्याची वेळ. विड्या वळणाऱ्या बायका सकाळी कारखान्यात माल द्यायला जातात. मोजणी, खराब म्हणून काढलेल्या विड्यांवरून हुज्जत, परत येईतो ओपीडी बंद. मग खोकला तंबाखूच्या धुळीचा की टीबीचा, हे कळायलाच महिने जातात. थुंकीची तपासणी फुकट आहे हो, पण बुडालेली मजुरी कोण देणार? 'आपला दवाखाना' दुपारी 2 ते रात्री 10 ठेवायचं ज्याने ठरवलं, त्याला हे कळलं असावं.

मोठ्या हॉस्पिटलला माझा विरोध नाही. आमच्या सिव्हिलला धाराशिवकडचे, कर्नाटकातलेही पेशंट येतात. तिथे खाटा हव्यातच. पण ते शासनाचं आहे. महापालिकेचा दवाखाना गल्लीतला, नळही गल्लीतलाच. 2017 च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणानेही दोन तृतीयांश किंवा जास्त पैसा प्राथमिक सेवेवर घालायला सांगितलंय.

तुमच्याकडे नळाला किती दिवसांनी पाणी येतं? ते लिहा, मग पुढचं बोलू.