स्क्रीन घरीच बदलली, तेव्हापासून झाकण मिटलं तरी लॅपटॉप झोपत नाही. विंडोज पुन्हा टाकू का?

नको. विंडोजला हात लावू नका. ‘फॉरमॅट मारून बघ’ हे आपल्याकडे लॅपटॉपच्या प्रत्येक दुखण्यावरचं औषध झालंय. सांगणाऱ्याचं काही जात नाही, जातो तुमचा रविवार. तुम्हीच लिहिलंय की पॅनेलसोबत नवी बेझलही, म्हणजे स्क्रीनभोवतीची चौकट, मागवून बसवली, चित्र झकास दिसतं, पण झाकण मिटल्यावर पंखा चालूच राहतो. मग बदललं काय? विंडोज नाही, बेझल.

झाकण मिटल्याचं कळायला आत बटण नसतं. बेझलच्या किंवा झाकणाच्या कडेला एक इवलंसं चुंबक असतं आणि त्याच्या बरोबर समोर, पामरेस्टच्या (कीबोर्डपुढे मनगट टेकवायच्या जागेच्या) खाली, चुंबक ओळखणारा हॉल सेन्सर. मुगाच्या दाण्याहून लहान, बहुधा तीन पायांची चिप. चुंबक जवळ आलं की तिचं आउटपुट साधारण ३.३ व्होल्टवरून शून्यावर येतं, आणि ‘झाकण बंद’ असा निरोप पुढे जातो. मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात किंवा ऑनलाइन मिळणाऱ्या कॉपी बेझलमध्ये हे चुंबक पुष्कळदा नसतंच. ते जुन्या बेझलला आतून चिकटलेलं असतं. फुटकी बेझल अजून कचऱ्यात गेली नसेल, तर आधी ती शोधा.

त्याआधी दोन मिनिटांची एक खात्री. स्टार्ट मेन्यूतून स्लीप द्या. झोपला आणि झोपून राहिला, तर विंडोज निर्दोष आहे, पुढे वाचा. झोपून लगेच उठत असेल तर भानगड वेगळी: पॉवरसीएफजी ही कमांड लास्टवेक या पर्यायासह चालवा, कोणी उठवलं ते बहुतेक वेळा कळतं. माउस किंवा नेटवर्क कार्ड निघालं तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्याच्या पॉवर मॅनेजमेंटमधली जागं करण्याची परवानगी काढा. स्लीपचा पर्यायच गायब असेल तर ग्राफिक्स ड्रायव्हर बघा. विंडोजच्या बेसिक ड्रायव्हरवर गाडी असली की तो पर्याय दिसेनासा होतो.

आता चुंबकाचं. पॉवर ऑप्शन्समध्ये झाकण मिटल्यावर ‘स्लीप’ निवडलेलं आहे ना, ते पाहा. मग एक लहान निओडिमियम चुंबक पामरेस्टच्या डाव्या-उजव्या कडेवरून सावकाश फिरवा. फ्रिजवरचं रबरी चुंबक नको, त्यावर उत्तर-दक्षिण पट्टे आलटून पालटून असतात, फसवतं. एखाद्या जागी स्क्रीन विझेल, तिथे पेन्सिलने खूण करा. कुठेच विझली नाही तर चुंबक उलटं करून पुन्हा फिरवा. ही पायरी लोक गाळतात. काही सेन्सर दोन्ही ध्रुवांना दाद देतात, काही फक्त एकालाच. ज्या बाजूने स्क्रीन विझली तिच्या उलट बाजूवर लगेच मार्करने ठिपका द्या, नंतर आठवत नाही.

चिकटवताना गोंधळ होतो तो इथेच. पामरेस्टला टेकलेली बाजू, म्हणजे ठिपका नसलेली, बेझलच्या आतल्या प्लास्टिकला चिकटली पाहिजे. ठिपका झाकणाच्या पाठीकडे. ५ मिमी व्यासाचं आणि १ मिमी जाडीचं चुंबक बहुधा पुरतं. बिजागरीपासून आणि कडेपासून खुणेचं अंतर मोजा, तेच अंतर बेझलवर घ्या. आधी टेपने तात्पुरतं लावून झाकण मिटून बघा, मगच इपॉक्सी. ‘मोठं लावलं की पक्कं काम’ म्हणणाऱ्यांचं ऐकू नका: मग झाकण थोडं खाली झुकवलं तरी स्क्रीन विझते.

दोन्ही बाजूंनी फिरवूनही काहीच झालं नाही, तर सेन्सरपर्यंत जाणारी रिबन, म्हणजे पातळ चपटी केबल, सैल असण्याची शक्यता जास्त. बॅटरी काढायला खालचं झाकण उघडलं होतंत ना? पॉवर बटणाच्या किंवा यूएसबीच्या छोट्या बोर्डाची रिबन तपासा. कनेक्टरवरची लॅच, म्हणजे छोटी खिट्टी, उचला, रिबन सरळ आत सारा, तिच्यावरची रेघ कनेक्टरला समांतर दिसली की लॅच दाबा. तरीही शंका असेल तर लॅपटॉप उबंटूच्या (विंडोजऐवजी चालणाऱ्या लिनक्सच्या) पेनड्राइव्हवरून सुरू करून प्रॉक, एसीपीआय, बटन, लिड या फोल्डरांच्या आतली स्टेट फाइल वाचा. चुंबक जवळ धरूनही ‘ओपन’च म्हणत असेल तर दोष हार्डवेअरकडे आहे. फॉरमॅटवाल्यांना ही फाइल दाखवा.

कुणी म्हणेल, झाकण मिटण्याआधी शटडाउन करत जा. मग स्क्रीन तरी कशाला बदलायची होती?

हे आधी सांगायला हवं होतं: उघडताना चार्जर काढा, बॅटरीचा कनेक्टर सोडवा, मगच रिबनला हात लावा. टचपॅड वर आलेलं दिसलं तर बॅटरी फुगली आहे, तेव्हा चुंबकाचं राहू द्या, आधी बॅटरी बदला. आणि हे सगळं अलीकडच्या मॅकबुकला लागू नाही. त्यांत झाकणाचा कोन मोजणारा सेन्सर असतो, तो बदलला की कॅलिब्रेशन करावं लागतं, चुंबक चिकटवून भागत नाही.