कोड मशीनच्या भाषेत नेणारा कंपायलर कमेंट्स, म्हणजे माणसांसाठी लिहिलेल्या टिपा, वाचत नाही, मग पॉवर मॅनेजमेंटच्या (वीज वाचवणाऱ्या) कोडमध्ये त्या जपायच्या कशाला?

कारण कमेंट चुकली, की बिघडतं ते बॅटरीत. लिनक्सचंच घ्या: ‘पीएम रनटाइम गेट सिंक’ हे डिव्हाइसला जागं करणारं फंक्शन फसलं तरी वापराचा काउंटर (डिव्हाइस किती जणांना हवंय ती मोजणी) एकने वाढवूनच परततं. त्या कोडवर ‘एरर आली तर काही करायला नको’ अशी चुकीची कमेंट असली, की पुढचा माणूस काउंटर उतरवत नाही, तो शून्यावर येत नाही आणि डिव्हाइस आपणहून झोपतच नाही. भल्याभल्यांचे ड्रायव्हर इथे घसरले. म्हणून २०२० मध्ये एरर आल्यास काउंटर स्वतःच उतरवणारं ‘पीएम रनटाइम रिझ्यूम अँड गेट’ आलं. (मे महिन्यात जळगावात लाइट गेल्यावर बॅटरी किती मोलाची, हे आम्हाला विचारा!)

फंक्शन बदलणाऱ्या पॅचमध्येच (कोडमधल्या बदलाच्या त्याच तुकड्यात) कमेंटही बदला. ‘नंतर करू’ म्हणजे केळीचा घड पिकल्यावर ट्रक शोधायला निघणं. आणि कोड काय करतो ते दिसतंच. काउंटर कोण उतरवणार, तेवढं लिहा.