पासबुकावर आधारचा शिक्का आहे, मग अनुदान गेलं कुठे?

तहसीलच्या संजय गांधी शाखेत, म्हणजे निराधार आणि वृद्धांच्या अनुदानाचं काम पाहणाऱ्या शाखेत, मी अनेक वर्षं काम केलं. तेव्हा टेबलासमोर जे प्रश्न यायचे तेच आता पत्रांतून येतात, म्हणून पुन्हा लिहितो.

प्रश्न : मला निराधार योजनेचे महिना 1500 रुपये मिळतात. लाडकी बहीणचाही फॉर्म भरू का?

नाही. शेजारणीला दोन्ही मिळतात असं ऐकून तर मुळीच भरू नका.

प्रश्न : वडील 67 वर्षांचे आहेत. संजय गांधी की श्रावणबाळ?

श्रावणबाळ. पासष्टीनंतर तीच.

प्रश्न : सासूबाईंचं अनुदान चार महिने खात्यावर नाही. बँकेत आधार जोडलेलं आहे, पासबुकावर शिक्काही आहे. तहसीलमध्ये म्हणतात, पैसे गेले. खरं कोणाचं?

बहुधा दोघांचंही खरं आहे, आणि घोटाळा इथेच होतो. खात्याला आधार जोडणं वेगळं आणि आधार सीडिंग वेगळं. पहिल्यात बँक आधार क्रमांक आपल्याकडे नोंदवते. दुसऱ्यात 'या आधारचे सरकारी पैसे या बँकेत टाका' अशी नोंद एनपीसीआयकडे, म्हणजे बँकांमधले व्यवहार जोडणाऱ्या राष्ट्रीय संस्थेकडे, होते. डीबीटीचे, म्हणजे सरकारकडून थेट खात्यात येणारे पैसे फक्त ही दुसरी नोंद पाहून जातात. अर्जावर तुम्ही कुठला खाते क्रमांक लिहिला होता, ते त्या वेळी कोणी बघत नाही. ही नोंद एका वेळी एकाच बँकेची असते. नवीन झाली की जुनी आपोआप पुसली जाते.

एक आजी प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं पासबुक घेऊन तीनदा शाखेत आल्या होत्या. शेवटची एंट्री दिवाळीआधीची. खोदून विचारल्यावर आठवलं, सिमकार्ड घेताना दुकानदाराने दोनदा अंगठा लावून घेतला होता. त्या दुसऱ्या अंगठ्याने एक खातं उघडलं गेलं, सीडिंगही तिकडे गेलं. सगळे हप्ते तिथे पडून होते आणि आजी औषधं उधारीवर आणत होत्या. असा अंगठा घेणाऱ्यांची मला आजही चीड येते. कशासाठी, हे विचारल्याशिवाय सासूबाईंना कुठेही अंगठा लावू देऊ नका.

आधारच्या संकेतस्थळावर 'बँक सीडिंग स्टेटस' पाहा, तिथे बँकेचं नाव दिसतं. दुसरीच बँक निघाली तर आधी तिथले पैसे काढा, मग आपल्या बँकेच्या शाखेत सीडिंगचा लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. नोंद बरोबर असूनही पैसे नसतील, तर आधार आणि पासबुकाच्या झेरॉक्स घेऊन संजय गांधी शाखेतच जा. एजंटाकडे नको.

प्रश्न : उत्पन्नाच्या दाखल्यासाठी 500 चा स्टॅम्पपेपर लागतो, असं दाखले काढून देणाऱ्याने सांगितलं.

लागत नाही. सरकारी कार्यालयात द्यायच्या प्रतिज्ञापत्राला मुद्रांक शुल्क माफ आहे. साध्या कागदावर चालतं. ही माफी 2004 पासूनची आहे, तरी दरवर्षी कोणीतरी नव्याने फसतं. तो अडूनच बसला तर तहसीलदारांना विचारा.

प्रश्न : दाखल्याचा अर्ज देऊन दीड महिना झाला. 'येईल' एवढंच उत्तर मिळतं.

दीड महिना थांबायलाच नको होतं. उत्पन्नाच्या दाखल्याची मुदत 15 दिवसांची आहे. लोकसेवा हक्क अधिनियम 2015 प्रमाणे पहिलं अपील करा. कारण नसताना उशीर केल्याचं सिद्ध झालं तर अधिकाऱ्याला 500 ते 5,000 रुपये दंड होतो. अपील कोणाकडे करायचं ते कार्यालयातल्या फलकावर लिहिलेलं असतं. पावती मात्र हवी. पावती नसेल तर आजच सेवा केंद्रातून अर्जाचा क्रमांक काढून घ्या.

प्रश्न : आई अंथरुणाला खिळलेली आहे. हयातीचा दाखला मार्चअखेर दिला तर चालेल ना?

कशाला थांबता? दाखला राहिला की अनुदान थांबतं, आणि पुन्हा सुरू करायला तुम्हालाच खेटे घालावे लागतात. जानेवारीतच ग्राम महसूल अधिकाऱ्यांना (पूर्वीचे तलाठी) भेटा, आई उठू शकत नाही हे लेखी द्या आणि घरी येऊन पडताळणी कधी करतील ते विचारून घ्या.