फवारणीचा पेशंट आणि केस पेपर

प्रिय डॉक्टर,

यवतमाळ जिल्ह्यातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात तू रुजू झालीस हे कळलं. पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, कमरेच्या वर गेली की फवारणीचे पेशंट, म्हणजे कीटकनाशक फवारताना विषबाधा झालेली माणसं, येऊ लागतील. उपचार तुला येतात. मला बोलायचंय ते केस पेपरबद्दल.

तो माणूस कुणाच्या तरी मोटरसायकलवर मागे बसून येईल. 'मळमळते, डोयाले अंधारी येते' एवढंच सांगेल. आधी त्याचा शर्ट पाठीमागून बघ. पंपाचं झाकण गळत असतं आणि कमरेपर्यंत कापड ओलं झालेलं असतं. ते अंगावर आहे तोवर विष कातडीतून आत जातच राहतं. म्हणून कपडे उतरव, साबणाने अंग धुवायला लाव, सिस्टरला हातमोजे घालायला सांग. सलाईनच्या घाईत हे राहून जातं, अगदी मोठ्या दवाखान्यांतसुद्धा.

मग विचार, काय फवारलं? 'कृषी केंद्रवाल्यानं देल्लं ते,' असं उत्तर येईल. तेवढ्यावर सोडू नकोस, घरच्या कुणाला तरी डबे आणायला पिटाळ. बहुतेक वेळा दोन-तीन निघतात, सगळे एकाच टाकीत ओतलेले. लेबलवर घटकाचं नाव असतं, ते जसंच्या तसं उतरवून घे. प्रोफेनोफॉस किंवा मोनोक्रोटोफॉस असेल तर ॲट्रोपिन आणि प्रालिडॉक्झिम हे उतारे आहेत. डायफेन्थियुरॉनवर तसा नेमका उतारा नाही. मात्र डोळ्यांच्या बाहुल्या बारीक झाल्या असतील, तोंडाला फेस आणि छातीत घरघर असेल, तर डब्याची वाट बघायची नाही. ॲट्रोपिन सुरू करायचं.

आता केस पेपरवर कारणाचा रकाना भरताना. विष अंगात कसं गेलं हा प्रश्न पोलीस विचारणारच, कारण आपल्याकडे याच डब्यांनी आत्महत्याही होतात. घाईत कुणीतरी 'विषप्राशन' लिहून मोकळं होतं आणि त्या घराचं पुढचं सगळं अडतं. फवारताना विषबाधा होऊन मृत्यू किंवा अपंगत्व आलं तर शेतकरी अपघात योजनेतून मदत मिळू शकते, आत्महत्येला नाही. म्हणून किती वाजता फवारणी सुरू केली, किती तास केली, अंगावर कुठे सांडलं, नोझल तोंडाने फुंकून साफ केलं का, त्रास कधी सुरू झाला, हे त्याच्या तोंडून ऐकून लिही. तो बोलू शकतोय तोवर लिही. संध्याकाळपर्यंत कदाचित बोलू शकणार नाही.

शेत कुणाचं हेही विचार. त्या योजनेत सातबाऱ्यावर नाव असलेला शेतकरी आणि त्याच्या घरचा माणूस बसतो. दुसऱ्याच्या वावरात पंपामागे पैसे घेऊन फवारणारा मजूर बसत नाही आणि तुझ्यासमोर जास्त करून तोच असेल. आजारी पडलेल्या दिवसाची मजुरी बुडतेच, वर घरात दुसरा कमावता नसतो. त्याच्याकडे दाखवायला तुझा कागद सोडून दुसरं काहीही नसतं.

२०१७ च्या पावसाळ्यात याच जिल्ह्यात शेकडो लोक फवारणीने दवाखान्यात आले आणि वीसवर दगावले. त्या वर्षी कपाशी डोक्याच्या वर वाढली होती, त्यामुळे फवारा वर मारावा लागे आणि तो तोंडावरच परत येई. सरकारने विशेष चौकशी पथक नेमलं. तेव्हापासून एक वाक्य फार ऐकू येतं: 'यांनी किट वापरलं नाही.' ऑगस्टच्या दमट उन्हात पाठीवर भरलेली टाकी घेऊन, मास्क आणि प्लास्टिकचा कोट चढवून तासभर चालून बघावं म्हणजे कळेल. केस पेपरवर 'निष्काळजीपणा' असलं काही लिहू नकोस. तो निवाडा करणं आपलं काम नाही, आणि खरं सांगायचं तर तो चुकीचाही असतो.

एक वैद्यकीय गोष्ट तरीही सांगतोच. पहिल्या दिवशी बरा वाटलेला पेशंट घरी जायची घाई करेल, 'दोन एकर रायलं' म्हणेल. सोडू नकोस. एक ते चार दिवसांत मानेचे आणि श्वासाचे स्नायू ढिले पडू शकतात. रोज सकाळी त्याला उताणं झोपवून उशीवरून डोकं उचलायला सांग. उचलता आलं नाही तर ॲम्ब्युलन्स बोलाव, आणि सोबत रिकामे डबे व केस पेपरची झेरॉक्स पाठव.

१९६८ च्या कीटकनाशक कायद्यात विषबाधेची खबर देण्याची तरतूद आहे. तुझ्या जिल्ह्यात ती कुणाकडे जाते हे तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना आत्ताच विचारून ठेव. आणि हे पत्र वाचून झालं की फार्मासिस्टला घेऊन ॲट्रोपिनच्या किती ॲम्प्युल शिल्लक आहेत ते मोज. एका गंभीर पेशंटला रात्रभरात पेटी संपते, तेव्हा मागणी आजच जाऊ दे.

तुझा,
सर