फायर अलार्म सारखा खोटा वाजतो म्हणून बझर बंद ठेवलाय. फॉर्म ‘बी’ मिळतोय, मग देखभालीत आणखी काय करायचं?

प्रश्न थोडक्यात असा: पुण्यातली सहा मजली ऑफिस इमारत, कन्व्हेन्शनल पॅनेल (जुन्या पद्धतीचं, फक्त झोन म्हणजे इमारतीचा भाग दाखवणारं), एजन्सी दर सहा महिन्यांनी फॉर्म ‘बी’, म्हणजे यंत्रणा चालू असल्याचं प्रमाणपत्र, देते. पावसाळ्यात मात्र अलार्म कधीही वाजतो, म्हणून सिक्युरिटीने त्याचा आवाज बंद केलाय.

आधी आज करायचं काम सांगतो. पॅनेलसमोर उभे राहा आणि आवाज नेमका कसा बंद केलाय ते शोधा. ‘सायलेन्स’चं बटण दाबलं असेल तर बहुतेक पॅनेलवर फक्त चालू असलेला आवाज थांबतो. दुसऱ्या झोनमध्ये धूर झाला की हूटर, म्हणजे अलार्मचा भोंगा, पुन्हा वाजतो. झोन किंवा हूटरचं सर्किट ‘आयसोलेट’ केलं, म्हणजे पॅनेलवरूनच बंद ठेवलं असेल तर त्या मजल्याला अलार्मच उरलेला नाही. तिसरा प्रकार सर्वांत वाईट, तो म्हणजे हूटरची वायरच टर्मिनलमधून काढून ठेवलेली असते. पॅनेलचं झाकण एजन्सीच्या माणसाकडून उघडून घ्या. सुटी वायर दिसली, तर ती जोडून पॅनेल नॉर्मल होईपर्यंत प्रत्येक मजल्यावर माणसाची फेरी लावा आणि तसं रजिस्टरमध्ये लिहा.

आता कायद्याचं. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, 2006 प्रमाणे यंत्रणा चालू स्थितीत ठेवायची जबाबदारी मालकाची किंवा भोगवटादाराची आहे. लायसन्सधारक एजन्सीचं प्रमाणपत्र जानेवारी आणि जुलैमध्ये द्यायचं असतं, तोच तुमचा फॉर्म ‘बी’. म्हणजे एजन्सी सही करते, पण जबाबदारी तुमच्याकडेच राहते. एजन्सीचं लायसन्स चालू आहे का, तेही दर वेळी बघा. आणि सहीआधी काय काय तपासलं, याची डिटेक्टरनिहाय यादी मागा. ‘सिस्टिम तपासली, ओके’ या एका ओळीवर सही घेऊ नका.

ही यादी का हवी, ते कळण्यासाठी कन्व्हेन्शनल झोन कसा चालतो ते बघू. पॅनेलमधून दोन वायर निघतात, एकेका डिटेक्टरच्या बेसमधून पुढे जातात आणि शेवटच्या बेसवर एक रेझिस्टर बसवलेला असतो. त्याला सगळे ईओएल, म्हणजे ‘एंड ऑफ लाइन’, म्हणतात. त्याची किंमत पॅनेलच्या कंपनीनुसार वेगळी असते, कुठे 4.7 किलोओहम, कुठे 10. त्या रेझिस्टरमधून थोडासा करंट सतत वाहतो, त्यावरून पॅनेलला समजतं की वायर शेवटपर्यंत धड आहे. वायर तुटली की करंट थांबतो आणि फॉल्ट येतो. डिटेक्टरने धूर पकडला की करंट वाढतो आणि फायर येते.

नेमकी इथेच पळवाट निघते. मजल्यावरची वायर तुटली, फॉल्ट जाईना, म्हणून कोणीतरी तो रेझिस्टर पॅनेलच्याच टर्मिनलवर लावून टाकतो. पॅनेल खूश, दिवा हिरवा, आणि अख्खा मजला मेलेला. हे पकडायला दोन मिनिटं लागतात. झोनमधला सगळ्यात शेवटचा डिटेक्टर बेसमधून फिरवून काढा. बहुतेक बेसमध्ये डिटेक्टर काढला की लाइन तुटते, त्यामुळे पॅनेलवर त्या झोनचा फॉल्ट यायलाच हवा. नाही आला, तर ईओएल भलतीकडे आहे किंवा मधूनच फाटा काढून वायर नेलेली आहे. फाट्यावरच्या डिटेक्टरची वायर तुटली तरी पॅनेलला कळत नाही. ही चाचणी सहाही मजल्यांवर तुमच्या डोळ्यांसमोर करून घ्या. फॉर्म ‘बी’ साठी मला एकच गोष्ट मागायची मुभा दिली, तर मी हीच मागेन.

आता खोट्या अलार्मकडे येऊ, कारण तो बंद झाल्याशिवाय सिक्युरिटी बझर चालू ठेवणार नाही आणि त्यांना दोष देऊनही उपयोग नाही. कन्व्हेन्शनल पॅनेल फक्त झोन सांगतं, कोणता डिटेक्टर ते सांगत नाही. तो कळतो डिटेक्टरवर लागून राहिलेल्या लाल एलईडीवरून, आणि पॅनेल रिसेट केलं की तो पुरावा गेला. म्हणून सिक्युरिटीला एवढंच शिकवा: अलार्म वाजला की आधी मजल्यावर जाऊन आग आहे का बघायचं. नसेल तर कोणत्या डिटेक्टरचा दिवा लागलाय त्याचा मोबाइलवर फोटो काढायचा, आणि मगच रिसेट करायचं. डिटेक्टर फॉल्स सीलिंगच्या वर असेल तर खाली त्याचा रिस्पॉन्स इंडिकेटर, म्हणजे त्याच्यासोबत लागणारा वेगळा दिवा, असायला हवा. नसेल तर तो बसवून घ्या, नाहीतर दर वेळी टाइल्स उचकटत बसावं लागेल. फोटोसोबत वेळ, पाऊस होता का, एसी चालू होता का, जवळ काय काम चाललं होतं, एवढं लिहून ठेवलं की बहुतेक वेळा तेच दोनतीन डिटेक्टर पुन्हा पुन्हा सापडतात.

पावसाळ्यात मुख्य गुन्हेगार ओल. गच्चीतून किंवा एसीच्या ड्रेन पाइपमधून पाणी केबलच्या कडेने उतरतं आणि बेसमध्ये साचतं. बेस उघडून टर्मिनलवर हिरवट गंज दिसला तर नुसता डिटेक्टर बदलून भागणार नाही. बेस बदला, केबल वरच्या बाजूने न आणता खाली झोळ देऊन आणा म्हणजे पाणी तिथूनच ठिबकेल, आणि गळती बंद करा. फॉल्स सीलिंगमध्ये नुसती टेप गुंडाळलेले जॉइंट असतील तर ते टर्मिनल बॉक्समध्ये घ्या. डिटेक्टर एसीच्या हवेच्या जाळीपासून किमान एक मीटर दूर हवा. जवळ असेल तर थंड हवेमुळे त्यात दव धरतं, उलट खऱ्या आगीत धूर त्याच्यापर्यंत पोचतच नाही.

दुसरं कारण धूळ आणि किडे. ऑप्टिकल डिटेक्टरच्या आतल्या काळ्या चेंबरमध्ये प्रकाशाचा झोत असतो. धुराचे कण आले की प्रकाश विखुरतो आणि सेन्सरवर पडतो. धुळीचा थर किंवा आत शिरलेला बारीक किडा अगदी तेच करतो. साफसफाई बाहेरूनच, मऊ ब्रशच्या व्हॅक्युम क्लीनरने करायची. ब्लोअर मारला तर धूळ आणखी आत जाते. चेंबर उघडायचा तर कंपनीने सांगितलेल्या पद्धतीनेच. ऑफिसमध्ये रंगकाम किंवा पीओपीचं काम निघालं की डिटेक्टरवर डस्ट कव्हर घाला आणि काम संपताच मोजून काढा. महिनोन्महिने कव्हरखाली झाकलेले डिटेक्टर सहज सापडतात.

पँट्रीत स्मोक डिटेक्टर असेल आणि टोस्टर तिथेच असेल, तर तो वाजणारच. तिथे हीट डिटेक्टर लावा.

डिटेक्टर तपासायचा कसा? काठीवर बसणारा कप आणि टेस्ट स्मोकचा स्प्रे मिळतो, तोच वापरा. अगरबत्तीने काम होतं असं वाटतं, पण तिचा तेलकट धूर चेंबरमध्ये बसतो आणि पुढच्या खोट्या अलार्मची सोय होते. प्रत्येक वेळी चार गोष्टी बघायच्या: डिटेक्टरचा दिवा लागला का, इंडिकेटर लागला का, पॅनेलवर योग्य झोन आला का, हूटर वाजला का. हीट डिटेक्टरला हेअर ड्रायर चालतो, ज्योत कधीच नाही. एकदाच काम करणारे, रिसेट न होणारे हीट डिटेक्टर मात्र गरम करून तपासू नका. तिमाहीला एक चतुर्थांश डिटेक्टर घेतले की वर्षात सगळे होतात. कोणते घ्यायचे ते तुम्ही ठरवा, नाहीतर दर वेळी जिन्याजवळचे सोपेच तपासले जातात. ब्रेक ग्लासची (हाताने अलार्म द्यायच्या लाल डबीची) चाचणी दर आठवड्याला, प्रत्येक वेळी वेगळ्या मजल्यावरून, ठरलेल्या वारी ठरलेल्या वेळी करा. त्यासाठी काच फोडायची गरज नसते, बहुतेकांना टेस्ट की असते.

बॅटरीबद्दल जरा सविस्तर, कारण इथे सगळ्यात जास्त फसवणूक होते, तीही कुणी मुद्दाम न करता. पॅनेलमध्ये 12 व्होल्टच्या दोन बॅटऱ्या सिरीजमध्ये असतात, बहुधा 7 अँपिअर-अवरच्या. चार्जिंग चालू असताना मल्टिमीटर लावला की 27 व्होल्टच्या वर आकडा दिसतो आणि सगळे समाधानी होतात. पण तो आकडा चार्जरचा आहे, बॅटरीचा नाही. पॅनेलचा एमसीबी बंद करा, तासभर बॅटरीवर चालू द्या, मग पाच मिनिटं सगळे हूटर वाजवा आणि त्याच वेळी दोन्ही बॅटऱ्या वेगवेगळ्या मोजा. दोघींत अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त फरक असेल, किंवा एखादी 12 च्या बरीच खाली घसरत असेल, तर जोडीच बदला, तीही एकाच कंपनीची, एकाच वेळी घेतलेली. एक नवी एक जुनी लावली तर जुनी नवीलाही खाते. बसवल्याची तारीख मार्करने बॅटरीवरच लिहा. बंद, तापणाऱ्या इलेक्ट्रिकल रूममध्ये पॅनेल असेल तर पाच वर्षांची आशा धरू नका. तीन वर्षांनी बदलायच्या असं बजेट ठेवा.

क्षमता पुरेशी आहे का, याचं गणित सोपं आहे. समजा पॅनेल शांत असताना 0.3 अँपिअर घेतं आणि अलार्ममध्ये 2 अँपिअर. 24 तास शांत आणि अर्धा तास अलार्म धरला तर 7.2 अधिक 1, म्हणजे 8.2 अँपिअर-अवर. जुनेपणासाठी पाव हिस्सा वाढवा, 10.25 झाले. म्हणजे 7 ची बॅटरी अपुरी, 12 ची लागेल. मधल्या काळात हूटर किंवा मजले वाढवले असतील तर हे गणित नव्याने करून घ्या. पॅनेलचा एमसीबी स्वतंत्र आणि लेबल लावलेला हवा. सुट्टीच्या दिवशी कोणीतरी ‘सगळं बंद’ करून जातो आणि सोमवारी बॅटऱ्या संपलेल्या असतात.

हूटरचा आवाज बंद केबिनमध्ये, दार लावून ऐका. 65 डेसिबल किंवा आसपासच्या आवाजापेक्षा 5 जास्त, यातलं जे मोठं ते, हा नेहमीचा निकष. कॉन्फरन्स रूम बहुतेक वेळा इथे नापास होतात.

इंटरलॉक, म्हणजे अलार्मला जोडलेल्या बाकीच्या यंत्रणा, वर्षातून दोनदा तरी खरोखर चालवून बघा: लिफ्ट तळमजल्यावर येते का, एएचयू (एसीची हवा फिरवणारी यंत्रं) बंद होतात का, अॅक्सेस कंट्रोलची दारं सुटतात का. मॅग्नेटिक लॉकची वीज फायर रिलेमधून, म्हणजे अलार्म येताच पॅनेल चालवतं त्या स्विचमधून, तुटली पाहिजे. दार उघडायला कार्ड लागलं तर माणसं आत अडकतील. चाचणीपुरते हे रिले बंद करतात आणि परत चालू करायचे राहून जातात, म्हणून काय काय बंद केलं ते कागदावर लिहून पॅनेलवर चिकटवा आणि निघताना एकेक खोडा.

वायरमनला एक ताकीद द्या: डिटेक्टर लाइनवर असताना मेगर (वायरचं इन्सुलेशन जास्त व्होल्टने तपासायचं मीटर) मारायचा नाही. 500 व्होल्टने झोनमधले सगळे डिटेक्टर एका झटक्यात जातील. मेगर हवाच असेल तर आधी पॅनेल, डिटेक्टर आणि ईओएल सुटे करून घ्या.

भाडेकरूने नवीन पार्टिशन घातलं की कव्हरेज बदलतं. सपाट छताखाली कुठूनही स्मोक डिटेक्टर 7.5 मीटरच्या आत आणि हीट डिटेक्टर 5.3 मीटरच्या आत हवा, आणि छताला जवळजवळ टेकलेलं पार्टिशन भिंतच समजायचं. फिट-आउटच्या, म्हणजे आतल्या सजावटीच्या कामाच्या, परवानगीतच ही अट घाला.

सिस्टिम बदलावी का, असं पुढे विचाराल. ओल आणि बॅटऱ्यांचं काम करून एक पावसाळा नोंदी ठेवा. डिटेक्टर दहा वर्षांच्या पुढचे असतील किंवा नोंदीत दर वेळी वेगळा डिटेक्टर येत असेल, तर अॅड्रेसेबल घ्या. त्यात नेमका कोणता डिटेक्टर, आणि तो किती मळलाय, हे पॅनेलच सांगतं. जुनी केबल वापरणार असाल तर ती दोन्ही टोकांना सोडवून आधी मेगरने तपासून घ्या, आणि कोटेशनमध्ये शॉर्ट सर्किट आयसोलेटर किती आहेत ते मोजा. दर मजल्याला किमान एक असलाच पाहिजे, म्हणजे एका मजल्यावरचा शॉर्ट बाकीच्या मजल्यांना घेऊन बसणार नाही.