लोकअदालतीत ई-चलनाचा दंड कमी होतो का? वकील लागतो का?

वकील लागत नाही. दंड कमी होऊ शकतो, ते त्या दिवशीच्या पॅनेलवर आहे. पण त्याआधी एक सांगा, चलनातला फोटो उघडून पाहिलात का? गाडी तुमचीच आहे ना?

माझ्या स्कूटीवर विनाहेल्मेटचं चलन आलं, तेही ज्या शहरात मी गाडी कधी नेलीच नाही तिथलं. फोटोत काळी मोटरसायकल आणि तिच्यावर एक दाढीवाले गृहस्थ. नंबर प्लेटवर इंग्रजी आकड्यांतला ४१४१ असा रंगवलेला की तो 'दादा' वाचावा. शिरोरेषेमुळे त्यातला प्रत्येक एक सातासारखा दिसतो, आणि माझ्या गाडीचा नंबर ४७४७. म्हणजे दादागिरी त्याची आणि दंड मला!

दीर म्हणाले, "वहिनी, पाचशे रुपये भरा नि मोकळ्या व्हा. तेवढ्याचं पेट्रोल जाईल हेलपाट्यांत." का भरू? हेल्मेटच्या कलम १९४-ड मध्ये नुसता दंड नाही, तीन महिने लायसन्स अपात्र ठरवण्याचीही तरतूद आहे. पैसे भरले की गुन्हा कबूल, एवढं साधं आहे ते.

ऑनलाइन तक्रारीला उत्तर आलं नाही, लोकअदालतीची नोटीस मात्र वेळेवर आली. गेले. टेबलापलीकडच्या बाई चांगल्या होत्या, म्हणाल्या, "थोडे कमी करून देते, मिटवून टाका." मी म्हटलं, मॅडम, मिटवायला माझं काही असायला तर हवं. लोकअदालत तडजोडीसाठी असते. खरं-खोटं तिथे ठरत नाही, आणि एकदा तडजोड झाली की त्यावर अपील नाही. सही न करता परत आले. नंतर वाहतूक शाखेत आरसीची प्रत, फोटोची प्रिंट आणि लेखी अर्ज दिला. तिथल्या हवालदाराने फोटो पाहिला आणि हसला. चलन रद्द झालं.

कॅमेऱ्याच्या चलनांसाठी केंद्रीय मोटार वाहन नियमांत १६७-अ आहे. २०२१ चा. गुन्ह्यानंतर पंधरा दिवसांत नोटीस पाठवायची असं त्यात लिहिलंय. तारखा ताडून बघा, उशीर असेल तर अर्जात तोही मुद्दा घाला.

आता, सिग्नल तुम्हीच तोडला असेल तर हे सगळं विसरा. लोकअदालतीत जा, सांगतील ते भरा, पावती जपून ठेवा. दारू पिऊन चालवल्याची केस असेल तर ती अशी मिटत नाही, कोर्टातच उभं राहावं लागतं, आणि तिथे वकील घ्याच.

अर्ज दिलात तर पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. आमच्या दिरांनी मध्यंतरी त्यांच्या बुलेटची सगळी चलनं एका झटक्यात भरून टाकली. त्यांतला एकही फोटो त्यांनी उघडलेला नाही.